एकट्या कारागिराचं वेगळं घड्याळ घ्यायचंय? बेळगावात राहून कसं घ्यावं, कसं टिकवावं

बेळगावच्या शहापुरातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्या मामांच्या काउंटरवर मी माझं नवं घड्याळ ठेवलं, परदेशातल्या एका कारागिरानं एकट्यानं केलेलं. तास एका छोट्या खिडकीत आकड्यानं दिसायचा आणि मिनिटांचा तेवढा एक काटा फिरायचा. मला वाटलं, मामा डायल बघून हरखतील. त्यांनी घड्याळ उलटं केलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "मशीन कुठलं हाय ते आधी सांगा. डायल मागनं बघू."

मशीन म्हणजे डायलखालची, घड्याळ चालवणारी सगळी यंत्रणा. ती कुठली हे मला सांगता आलं नाही. चौदा महिन्यांनी तासाची चकती अडकून बसली तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, तिन्हीकडे फिरलो. कुणी उघडायला तयार होईना, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या मशीनचे सुटे भाग जगात एकाच माणसाकडे होते. शेवटी घड्याळ त्याच्याकडे परदेशी पाठवलं. परत येताना कागद अपुरे पडले आणि स्वतःच्याच घड्याळावर मी दुसऱ्यांदा पूर्ण कर भरला.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. निपाणी, खानापूर, चिकोडीकडची ओळखीची मुलं आता मला विचारतात, असलं घड्याळ कसं घ्यायचं. त्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहिलंय.

१. कोणतं वेगळेपण आवडतं ते आधी ओळखा

"हटके पाहिजे" एवढ्यावर खरेदी करू नका. वेळ दाखवायच्या वेगळ्या तऱ्हा मोजक्या आहेत. प्रत्येकीचं पोटातलं काम निराळं, आणि त्यामुळे दुखणंही निराळं.

एककाटी घड्याळ सगळ्यात साधं. बारा तासांच्या डायलवर पाच-पाच मिनिटांच्या १४४ रेघा असतात आणि एकच काटा. मिनिट अचूक कळत नाही, पण दोन-तीन मिनिटांच्या फरकानं वेळ समजते. आत जादा यंत्रणा जवळजवळ काहीच नसते, म्हणून पहिल्या खरेदीला मी हेच सुचवतो. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या माइस्टरझिंगर या छोट्या कंपनीनं या प्रकाराला पुन्हा लोकांसमोर आणलं.

रेग्युलेटर म्हणजे तास, मिनिट आणि सेकंद यांचे काटे वेगवेगळ्या ठिकाणी. वेधशाळेत आणि घड्याळाच्या कारखान्यात ज्या मोठ्या घड्याळाशी बाकीची घड्याळं जुळवत, त्याची ही मांडणी. तिथं मिनिटांचा काटा महत्त्वाचा, म्हणून तो मध्यभागी.

उडीचा तास म्हणजे माझ्या पहिल्या घड्याळाचा प्रकार. योसेफ पालवेबरनं १८८३ साली आकडे उडी मारणाऱ्या खिशातल्या घड्याळाचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे कल्पना जुनीच आहे. बहुतेक घड्याळांत मिनिटांच्या चाकाबरोबर गोगलगायीच्या शंखासारखा एक कॅम (वाकड्या कडेचं चाक) फिरतो आणि तासभर एक स्प्रिंग हळूहळू ताणत नेतो. साठाव्या मिनिटाला कॅमची कडा संपते, स्प्रिंग सुटते आणि तासाची चकती एक घर पुढं जाते. ते बघायला मी अजूनही तासाच्या ठोक्याला हातातलं काम थांबवतो. पण हा ताण मुख्य स्प्रिंगमधूनच येतो. शेवटच्या काही मिनिटांत बॅलन्सकडे, म्हणजे मागंपुढं डोलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाकडे, जाणारी ताकद थोडी कमी होते. कारागिरानं ते गणित नीट केलं नसेल तर घड्याळ चावी उतरत आली की अडकतं. माझं तसंच झालं होतं.

फिरता तास ही सगळ्यात देखणी तऱ्हा. तासाचा आकडा स्वतःच मिनिटांच्या कमानीवरून सरकतो, शेवटाला पोचला की पुढचा तास दुसऱ्या टोकाला उगवतो. सतराव्या शतकात रोमच्या कंपानी बंधूंनी पोप अलेक्झांडर सातवे यांच्यासाठी रात्रीचं घड्याळ केलं, त्यात ही रीत होती. मागं दिवा ठेवायचा आणि अंधारात आकडा उजळलेला दिसायचा. आजच्या काळात फेलिक्स बाउमगार्टनर आणि मार्टिन फ्राय यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या उरवेर्कनं तीच कल्पना मनगटावर आणली. त्यांच्या किमतीत आपल्याकडे घर होतं, पण त्यांची यंत्रणा समजून घ्यायला पैसे पडत नाहीत.

२. आधी एक जुनी एचएमटी घ्या आणि तीन महिने रोज चावी द्या

ही पायरी गाळू नका. चावीच्या घड्याळाची सवय नसताना महागडं घड्याळ घेतलं की पहिल्या आठवड्यातच लोक घाबरतात, "वीस सेकंद पुढं जातंय, बिघडलंय!" दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. वीस सेकंदांची चूक म्हणजे ७२ मिनिटांना एक सेकंद. स्प्रिंग आणि दातऱ्या चाकांवर चालणाऱ्या वस्तूसाठी हे वाईट नाही. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था अचूकतेची परीक्षा घेऊन ज्याला क्रोनोमीटर म्हणते त्यालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागं ते सहा सेकंद पुढं एवढी मोकळीक आहे.

एचएमटीनं बेंगळुरूत १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं केली. 'जनता', 'पायलट' यांच्या आतलं ०२३१ हे मशीन सतरा ज्वेलचं (घर्षण कमी करणारे छोटे खडे), चावीचं, तासाला १८,००० ठोके देणारं आहे. आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या दुरुस्तीवाल्याला ते डोळे मिटून खोलता येतं. २०१६ मध्ये केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तरी भाग मिळतात.

इथला मोठा सापळा म्हणजे रंगवलेल्या डायली. ऑनलाइन "नवीकोरी पायलट" म्हणून भडक निळ्या, पोपटी, नारिंगी डायलची घड्याळं खपतात. त्यातल्या बहुतेक डायली नंतर कुठंतरी छापलेल्या असतात. भिंगातून अक्षरं बघा. कडा फुटलेल्या दिसल्या, सेकंदाच्या रेघा काट्याशी जुळत नसल्या, तर सोडून द्या. विक्रेत्याकडं मशीनचा फोटो मागा. मागचं झाकण उघडायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची. जोर वाढला की थांबायचं, शेवटचा अर्धा फेरा ओढायचा नाही. वहीत मोबाइलच्या वेळेशी फरक लिहायचा. रात्री घड्याळ डायल वर करून ठेवलं तर किती, चावी खाली करून उभं ठेवलं तर किती, हेही लिहायचं. महिन्यात कळतं की घड्याळाच्या ठेवण्यावर त्याची चाल बदलते, आणि रात्रीची जागा बदलून दिवसाची चूक तुम्ही स्वतः कमी करू शकता.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूला पोचता येतं. जालहळ्ळीला एचएमटीचं हेरिटेज सेंटर आहे, तिथली जुनी घड्याळं एकदा बघून या.

३. मशीन कुठलं, हे डायलच्या आधी विचारा

एकटा कारागीर दोन वाटांनी जातो. पहिली वाट म्हणजे सगळं स्वतः करायचं. इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सनी आइल ऑफ मॅन बेटावर केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), डायल, काटे, चाकं असं जवळपास सगळं एकट्यानं केलं. त्यांचं को-ॲक्सिअल एस्केपमेंट (स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्यानं सोडणारा भाग) पुढं ओमेगा कंपनीनं १९९९ मध्ये बाजारात आणलं. स्वेन्ड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेसे यांनी १९८५ मध्ये अशा स्वतंत्र घड्याळकारांची अकादमी स्थापन केली. ही माणसं मला देवासारखी वाटतात. पण अशा कारागिराचं घड्याळ बिघडलं तर ते त्याच्याच टेबलावर जायला लागतं.

दुसरी वाट म्हणजे जगभर चालणारं मशीन घ्यायचं आणि त्यावर स्वतःची यंत्रणा बसवायची. लुडविग ओक्सलिन यांच्या ओक्स उंड जूनियर या कंपनीचं घड्याळ बघा. व्हॅटिकनमधलं फार्नेसे हे खगोलीय घड्याळ दुरुस्त करणारा हा माणूस. त्यांनी तारीख आणि महिना ठिपक्यांनी दाखवणारं वार्षिक कॅलेंडर ईटीए २८२४ सारख्या सर्वसामान्य मशीनवर मोजकेच जादा भाग लावून केलं. जितके भाग कमी तितकं चांगलं डिझाइन, हे आम्ही टूलरूममध्ये रोज म्हणतो. त्यांनी ते मनगटावर करून दाखवलं.

बेळगावात राहणाऱ्यानं पहिलं घड्याळ या दुसऱ्या वाटेवरचंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ज्यांचं काम चालतं अशी मशीनं ही:

युनिटास ६४९७ आणि ६४९८. मूळ खिशातल्या घड्याळाचं, मोठं, चावीचं, सतरा ज्वेलचं. भाग मोठे असल्यानं दुरुस्तीवाल्याला सोपं. रेग्युलेटर आणि एककाटी घड्याळात पुष्कळदा हेच असतं.

ईटीए २८२४ आणि त्याच्यासारखं सेलिटा एसडब्ल्यू २००. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं), तासाला २८,८०० ठोके.

मियोटा ९०१५ आणि सेको एनएच ३५. दोन्ही जपानी, ऑटोमॅटिक. मशीन पूर्ण खराब झालं तरी दुसरं बसवता येतं.

कारागीर "इन-हाउस मशीन" म्हणत असेल तर खूश होण्याआधी विचार करा. ते अभिमानाचं असेलही, पण आपल्यासाठी त्याचा अर्थ "दुरुस्ती फक्त माझ्याकडे" असा होतो.

४. कारागिराला लिहायचे प्रश्न

ईमेल साधी, मुद्द्याची ठेवा. मूळ मशीन कोणतं, तुमची यंत्रणा मशीन न खोलता वेगळी काढता येते का, काटे उलटे फिरवले तर चालतं का, तुमच्यानंतर भाग कोण देईल, आणि तुम्ही दुरुस्तीवाल्याला आकृती पाठवाल का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याच्याकडून मी दुसरं घड्याळ घेतलं त्यानं दोन दिवसांत हातानं काढलेली आकृती पाठवली, कुठला स्क्रू आधी काढायचा याच्या क्रमासकट. ज्याला हा प्रश्न आवडत नाही त्याच्याशी व्यवहार करू नये.

पुष्कळ जण आधी निम्मे पैसे घेतात आणि वर्ष-दीड वर्षानं घड्याळ देतात. काम हातानं होतं, म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण मुदत, आणि मुदत टळली तर पैसे परत कसे, हे लिहून घ्या. शक्यतो क्रेडिट कार्डानं भरा, म्हणजे तक्रार करायला बँक तरी असते.

५. कागद, नाव आणि पत्ता

बेळगावकरांचं पार्सल इथंच अडकतं.

लागणारे कागद: आधार, पॅन, कारागिराचं बिल (मशीनचं नाव आणि घड्याळाचा सिरियल नंबर त्यावर हवाच), पैसे भरल्याचा पुरावा, आणि कारागिरानं पाठवण्याआधी काढलेले फोटो.

आपल्या सीमाभागात एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नडवरून इंग्रजीत गेलेल्या आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. कुठं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कुठं एक अक्षर जास्त. कुरियरची केवायसी संगणक तपासतो, त्याला आपली अडचण कळत नाही. ऑर्डर देताना आधारवर जसं आहे तसंच नाव द्या, अक्षर अन् अक्षर. पत्त्यातही आधारवर असेल तेच 'बेळगाव' किंवा 'बेळगावी' लिहा. २०१४ मध्ये नाव बदललं, पण जुन्या कागदांवर जुनंच राहिलंय. पिनकोड आणि चालू मोबाइल नंबर कधी चुकवू नका.

कर घड्याळाच्या किमतीवरच नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा या बेरजेवर लागतो. आधी मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यासकट आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून ऑर्डर देता त्याच आठवड्यात कुरियरच्या ग्राहकसेवेला फोन करून आकडा काढून घ्या आणि तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिखटेनश्टाइन यांच्याबरोबरचा भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे, त्यात स्विस घड्याळांवरचा कर टप्प्याटप्प्यानं कमी होतो. त्यासाठी माल तिथंच बनल्याचा पुरावा लागतो, तो कारागिराला आधीच विचारा.

दोन मोह टाळा. एक, "बिलावर कमी किंमत लिहा, गिफ्ट म्हणून पाठवा." तपासणीत पकडलं की दंड होतो, आणि पार्सल हरवलं तर विमाही कमीच मिळतो. दुसरा, दुबईहून येणाऱ्या मेहुण्याच्या हातावर घड्याळ बांधून आणणं. सवलतीच्या मर्यादेवरच्या मालाची घोषणा विमानतळावर करायलाच हवी. आपल्यामुळे घरच्या माणसाला तिथं उभं राहावं लागलं तर घड्याळाचा आनंद उरत नाही.

६. पार्सल आल्यावर

खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, आधी कुरियरचा शिक्का दिसू द्या. सिरियल नंबर बिलाशी जुळवा. लगेच मनगटावर बांधू नका. चावी द्या, चोवीस तास टेबलावर चालू द्या आणि बारा वेळा तास बदलताना बघा. उडीच्या तासात चकती प्रत्येक वेळी पूर्ण घरात बसली पाहिजे. अर्धा आकडा दिसत असेल तर त्याच दिवशी लिहा.

वेळ लावताना काटा नेहमी पुढंच न्या, उलटं चालतं असं कारागिरानं सांगितलं नसेल तर. उडीच्या यंत्रणेत उलट्या दिशेनं कॅमची उभी कडा त्यावर टेकलेल्या धातूच्या पट्टीवर आदळते आणि काहीतरी वाकतं. तारीख असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चावीनं तारीख बदलू नका, तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात.

७. आपला पाऊस, आपले रस्ते, आपली वर्कशॉपं

जून ते सप्टेंबर बेळगावात हवा ओलीच असते, खानापूरकडं त्याहून जास्त. छोट्या कारागिराचं घड्याळ पुष्कळदा तीन एटीएमचं असतं (एटीएम म्हणजे पाण्याचा दाब सोसण्याचं माप). हात धुताना उडणारं पाणी चालतं, पण रेनकोटाच्या बाहीत शिरलेला पाऊस चालत नाही. मी पावसाळ्यात ते घड्याळ डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो आणि हातात एचएमटी घालतो. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, त्या चार महिन्यांसाठी नायलॉनचा लावा. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळात पुरू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. गंज एका रात्रीतही धरतो.

दुचाकीवरून खड्ड्यांच्या रस्त्यानं जाताना घड्याळ काढून खिशात ठेवा. बॅलन्सच्या आसाचं टोक मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतकं बारीक असतं. हिसके सोसायला वर छोटी स्प्रिंग असते, पण तिलाही मर्यादा आहे.

आणि उद्यमबागेत काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (काम धरून ठेवणारी चुंबकी बैठक) मनगट गेलं की हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला लावलेली केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकीय होते. तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढं पळतं. लोक म्हणतात मशीन गेलं. आधी होकायंत्राजवळ घड्याळ न्या. सुई हलली तर चुंबकत्व काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम असतं, चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे ते यंत्र असतं. माझ्या ओळखीच्या एका फिटरनं याच कारणासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे भरले होते, फार वाईट वाटलं. शिफ्टमध्ये घड्याळ लॉकरमध्येच ठेवा.

८. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावं लागलं तर

साध्या पार्सलसारखं पाठवू नका, मी तेच केलं होतं. बाहेर जातानाच "दुरुस्तीसाठी, परत येणार" अशी सीमाशुल्काकडे नोंद व्हायला हवी, सिरियल नंबर आणि फोटोसकट. कुरियरला निर्यातीचे कागद करून मागा आणि त्याची प्रत जपा. ती असेल तर परत येताना दुरुस्तीचा खर्च, वाहतूक आणि विमा एवढ्यावरच कर लागतो. नसेल तर ते घड्याळ नवं आल्यासारखंच धरलं जातं. दुरुस्तीचं बिल कारागिरानं वेगळं दिलं पाहिजे, फुकट केली असेल तरी.

९. इथल्या दुरुस्तीवाल्याकडे देताना

चार-पाच वर्षांनी तेल सुकतं, तेव्हा सर्व्हिसिंग करायलाच हवं. घड्याळ नुसतं काउंटरवर ठेवून येऊ नका. मशीनचं नाव, कारागिराची आकृती छापून, आणि कुठल्या भागाला हात लावायचा नाही हे मराठीत लिहिलेला कागद द्या. गर्दीची वेळ टाळा, शक्य असेल तर शेजारी बसायची परवानगी मागा. घाई करू नका, आणि मजुरीत घासाघीस तर मुळीच नको. असं काम करणारी माणसं आपल्या गल्लीत आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

माझं दुसरं घड्याळ युनिटासवरचं आहे. गेल्या दिवाळीनंतर ते मामांकडे नेलं. त्यांनी आकृती टेबलाच्या काचेखाली सरकवली, क्रमानं तीन स्क्रू काढले, डायलखालची सगळी यंत्रणा एका तुकड्यात उचलली आणि काचेच्या झाकणाखाली बाजूला ठेवली. मग राहिलेल्या मशीनकडे बघून म्हणाले, "हे व्हय? हे तर आमचंच की," आणि बॅलन्स सोडवायला घेतला.